कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे

विद्यार्थिमित्रहो, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात असे घर विरळाच सापडेल की, ज्या घरातील कोणी आजा, पणजा अथवा चुलता मुंबईच्या कापडगिरणीत कामास नव्हता. येथील जमीन कातळाची, शेती पावसावरची, आणि भात पिकले तरी ते वर्षभर पुरेल याची शाश्वती नाही. म्हणून घरातील एक तरी पुरुष आगबोटीत बसून मुंबईस जावयाचा, परळ-लालबागच्या चाळीत दहापंधरा गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहावयाचा, आणि महिन्याच्या महिन्यास गावी मनिऑर्डर पाठवावयाचा. त्या मनिऑर्डरीवर घरचे मीठ-मिरची चाले, सावकाराचे व्याज फिटे, आणि पुष्कळदा मुलाच्या शाळेची फी भरली जाई. ह्या चाकरमान्यांच्या तोंडी गणपतीत अगर शिमग्यात गावी आल्यावर ज्या थोड्या पुढाऱ्यांची नावे असत, त्यांत डांगे हे नाव फार वर्षे होते. त्या नावाच्या माणसाचे चरित्र आज आपणांस सांगावयाचे योजिले आहे.

हे चरित्र निवडण्यास आणखीही एक कारण आहे. रशिया, चीन अशा देशांविषयी वाचताना आपणांस एक गोष्ट चमत्कारिक वाटत असेल. इतरत्र राजा, राष्ट्राध्यक्ष अगर पंतप्रधान हा देशाचा मुख्य असतो; परंतु साम्यवादी पक्षाच्या राज्यात खरी सत्ता पक्षाच्या सरचिटणीसाच्या हाती असते. चिटणीस म्हणजे वास्तविक पत्रे लिहिणारा आणि दप्तर सांभाळणारा कारकून. हा शब्द आपल्या जिल्ह्यास परका नाही. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी हे राजापुरास महाराजांच्या दृष्टीस पडले, अशी परंपरागत कथा आहे. मग दप्तर सांभाळणाऱ्याच्या हाती दौलतच कशी गेली? डांग्यांचे चरित्र पाहताना ह्या प्रश्नाचाही थोडा उलगडा होईल; कारण त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ आणि मॉस्कोतील त्या पदाचा आरंभ एकाच वर्षीचा, आणि दोहोंचा शेवटही एकाच वर्षीचा आहे.

श्रीपाद अमृत डांगे ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९९ रोजी नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील करंजगाव येथे झाला. वडील मुंबईस एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होते. घर मध्यम स्थितीतले. मुलगा बुद्धीने तीव्र, वाचनाचा व्यसनी आणि स्वभावाने हट्टी. त्या काळच्या बहुतेक तरुणांप्रमाणे त्याच्या मनावर लोकमान्य टिळकांचा पगडा होता. लोकमान्यांचा जन्म ह्याच रत्नागिरी शहरी १८५६ मध्ये झाला, हे आपणांस ठाऊकच आहे. १९०८ च्या जुलै महिन्यात लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. हिंदुस्थानातील कामगारांनी राजकीय कारणासाठी केलेला हा पहिला मोठा संप होय. परदेशात राहणाऱ्या लेनिन नावाच्या एका रशियन क्रांतिकारकाने त्याच वर्षी आपल्या लेखात ह्या संपाचा मोठ्या आदराने उल्लेख केला. पुढे ज्या दोन प्रवाहांनी डांग्यांचे आयुष्य घडविले, ते टिळकांचा प्रवाह व लेनिनचा प्रवाह, येणेप्रमाणे मुंबईच्या गिरणगावातच प्रथम एकमेकांस भेटले होते.

डांगे मुंबईस विल्सन महाविद्यालयात शिकत असता एक प्रकरण घडले. ते सांगितल्यावाचून पुढे जाणे आमच्यासारख्या मिशनच्या शाळेतील शिक्षकास शोभणार नाही. त्या महाविद्यालयात बायबलचा तास सर्व विद्यार्थ्यांस सक्तीचा होता. डांग्यांनी ह्या सक्तीविरुद्ध विद्यार्थ्यांची चळवळ उभी केली, आणि त्यापायी त्यांना महाविद्यालय सोडावे लागले. प्रस्तुत लेखकाचे सर्व शिक्षण मिशनच्या संस्थांतून झाले आहे, आणि तो ग्रंथ त्यास प्राणाहून प्रिय आहे. तथापि इतक्या वर्षांनंतर त्या प्रसंगाकडे पाहिले असता असे वाटते की, ज्या ग्रंथाने मनुष्यास दार ठोठावण्यास शिकविले, त्याचे वाचन दार लावून घेऊन करविणे त्या ग्रंथासही रुचले नसते. विद्यार्थ्यांचा विरोध ग्रंथास नव्हता, सक्तीस होता. हा भेद तेव्हा ध्यानी आला असता तर एक बुद्धिमान विद्यार्थी पदवीवाचून बाहेर पडता ना. डांग्यांना पदवी मिळाली नाही, परंतु त्यांचे वाचन कधीही थांबले नाही.

पुढे गांधीजींच्या असहकाराच्या चळवळीत ते शिरले. पण त्यांचे समाधान होईना. चरखा आणि आत्मशुद्धी ह्यांनी गिरणीतल्या मजुराची भूक कशी भागणार, हा प्रश्न त्यांना पडला. १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविशीच्या आत, त्यांनी गांधी व लेनिन ह्यांच्या मार्गांची तुलना करणारी एक इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. ती वाचून मुंबईचे एक सधन व्यापारी रणछोडदास भवान लोटवाला ह्यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. लोटवाला ह्यांनी त्यांना आर्थिक साहाय्य दिले आणि आपला ग्रंथसंग्रह खुला केला. ऑगस्ट १९२२ मध्ये डांग्यांनी ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक काढले. आपल्या देशात साम्यवादी विचाराचा उघडपणे प्रसार करणारे हे पहिलेच नियतकालिक समजले जाते.

त्याच वर्षी, ३ एप्रिल १९२२ रोजी, मॉस्कोस एक लहानशी वाटणारी घटना घडली होती. रशियन साम्यवादी पक्षाने सरचिटणीस हे नवे पद निर्माण करून त्यावर जोसेफ स्टालिन ह्यांची नेमणूक केली. लेनिन तेव्हा पुढारी होते, ते सरकारचे प्रमुख म्हणून. सरचिटणीसाने फक्त कार्यालय चालवावयाचे होते. परंतु कोणत्या जिल्ह्यात कोणास चिटणीस नेमावयाचे, कोणास बढती द्यावयाची, सभेपुढे कोणते कागद ठेवावयाचे, हे सर्व त्या कार्यालयातून ठरू लागले. ज्यांच्या नेमणुका तेथून झाल्या, तेच पुढे प्रतिनिधी होऊन आले आणि त्यांनी नेमणाऱ्यालाच मते दिली. आजारी लेनिननी १९२२ च्या डिसेंबरात व १९२३ च्या जानेवारीत सहकाऱ्यांसाठी काही मजकूर सांगून लिहविला, आणि स्टालिनना त्या पदावरून दूर करण्याचा विचार करावा असे त्यात सुचविले. २१ जानेवारी १९२४ रोजी लेनिन वारले. पुढे तो मजकूर प्रतिनिधींस वाचून दाखविण्यात आला, पण स्टालिन पदावरच राहिले. १९५३ मध्ये मृत्यूनेच त्यांची सत्ता संपविली. मधल्या काळात लक्षावधी निरपराध माणसे तुरुंगांत, छावण्यांत आणि वधस्तंभापुढे संपली. त्यांत लेनिनचे अनेक जुने सहकारीही होते. दप्तर सांभाळणाऱ्याच्या हाती दौलत गेली ती ह्या वाटेने.

मुंबईत बसलेल्या तरुण डांग्यांना ह्यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांच्यापुढे वेगळेच संकट उभे होते. मार्च १९२४ मध्ये सरकारने त्यांना पकडले. कानपूर येथे चाललेल्या ह्या खटल्यात त्यांच्यावर व इतरांवर असा आरोप होता की, परदेशस्थ मानवेंद्रनाथ रॉय ह्यांच्याशी संगनमत करून ब्रिटिश बादशहाचे हिंदुस्थानावरील राज्य उलथून टाकण्याचा त्यांनी कट केला. त्या वर्षीच्या मे महिन्यात चार वर्षांची सक्तमजुरी ठरली. १९२५ च्या डिसेंबरात कानपुरास साम्यवाद्यांची पहिली परिषद भरली, तेव्हा डांगे तुरुंगात होते. १९२७ मध्ये ते सुटले आणि थेट गिरणी कामगारांत जाऊन काम करू लागले. ‘क्रांती’ नावाचे मराठी साप्ताहिक कामगारांसाठी निघाले, त्यात त्यांची लेखणी चालू लागली.

आता आपण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत उजळ वर्षाकडे येतो. ते वर्ष १९२८ चे. जगातील स्पर्धेमुळे नफा घटला, तेव्हा गिरणीमालकांनी अशी योजना आणली की, दोन माग चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावेत आणि सूत कातणाऱ्याने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू सांभाळाव्यात. थोड्या माणसांत अधिक काम झाले म्हणजे उरलेल्यांस घरी पाठविता येणार होते. शिवाय मजुरीतही कपात होती. एप्रिल महिन्यात संप सुरू झाला आणि पाहता पाहता सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद अर्जुन आत्माराम आळवे ह्या गिरणीत काम करणाऱ्या मनुष्याकडे गेले, आणि डांगे तिचे सरचिटणीस झाले.

सहा महिने हा संप टिकला. रोजंदारीवर जगणारा मनुष्य सहा महिने पगारावाचून कसा राहिला असेल, ह्याचा विचार करावा. धान्याचे वाटप झाले, देशातून व परदेशांतून मदत आली, हे खरे. पण खरा आधार गावाचा होता. पुष्कळ कामगार आगबोटीने कोकणात परतले, पावसाळ्यात भाताची लावणी केली, आणि घरच्या पेजेवर दिवस काढले. मुंबईच्या त्या लढ्यास रत्नागिरीच्या खाचरांनी पोसले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ह्या काळात डांगे चाळीचाळींतून, मैदानांतून आणि गिरण्यांच्या दरवाजांवर बोलत. त्यांचे भाषण विद्वत्तेचे असूनही साध्या मनुष्यास कळे. मजुरीचा हिशेब ते आण्या-पैशांपर्यंत समजावून देत आणि मधूनच असा विनोद करीत की, उपाशी माणसेही हसत. ऑक्टोबरच्या आरंभी चौकशीसमिती नेमण्याच्या अटीवर संप मिटला. काहीशे सभासदांनी सुरू झालेली युनियन वर्ष संपण्यापूर्वी पन्नास हजारांच्या वर गेली. ह्या काळी डांग्यांपाशी राज्य नव्हते, पैसा नव्हता, कोणाची नेमणूक करण्याचा अधिकार नव्हता. दीड लाख माणसे त्यांच्या शब्दावर विसंबली, ती केवळ हा मनुष्य आपल्यासाठी तुरुंगात गेला आहे आणि पुन्हाही जाईल अशी त्यांची खात्री होती म्हणून.

मात्र ह्या उजळ चित्रातही एक काळा डाग होता, आणि तो दाखविणारा पुरुष मूळचा आपल्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गावचा होता. गिरणीच्या विणकाम खात्यात पगार अधिक असे; परंतु धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, हे निमित्त सांगून अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या खात्यात प्रवेश मिळत नसे. ही बंदी मालकांपेक्षा इतर कामगारांनीच पाळली होती. डॉ. भीमराव आंबेडकरांनी पुढाऱ्यांस हे रोखठोक विचारले, तेव्हा ती बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालण्यात आली. पण आपण होऊन कोणास ती सुचली नव्हती. जे श्रमिकांची एकी सांगत होते, त्यांच्या डोळ्यांदेखत पंक्तिभेद चालला होता. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर मर्यादा घालणाऱ्या कायद्याविरुद्ध आंबेडकर व साम्यवादी पुढारी एका व्यासपीठावर आले आणि मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. तथापि दोहोंतील दुरावा कायमचा मिटला नाही.

ह्याच सुमारास डांग्यांनी उषाबाई ह्या विधवेशी विवाह केला. त्या काळी असा विवाह करणे म्हणजे जातीचा रोष ओढवून घेणे होते. उषाबाईंनी पुढे गिरणीतील स्त्री-कामगारांत काम केले, आणि आपल्या खडतर संसाराची हकीकत आत्मचरित्रात लिहून ठेविली. त्यांच्या कन्येचे नाव जर्मन क्रांतिकारक स्त्री रोझा लक्झेंबर्ग हिच्यावरून रोझा ठेवण्यात आले. ह्या रोझाताई १९७४ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या.

सरकार स्वस्थ बसले नव्हते. २० मार्च १९२९ रोजी देशभर एकाच वेळी धरपकड झाली आणि डांगे, आळवे प्रभृतींस मीरत येथे नेण्यात आले. आरोपींत तीन इंग्रजही होते. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. न्यायालयात डांग्यांनी केलेले निवेदन एका ग्रंथाएवढे मोठे आहे. जानेवारी १९३३ मध्ये त्यांना बारा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली, आणि १९३५ मध्ये ते सुटले. इकडे पुढारी तुरुंगात गेल्यावर झालेला दुसरा संप फसला आणि युनियनची शक्ती ओसरली. १९४० मध्ये महागाईभत्त्यासाठी झालेल्या संपानंतर डांगे पुन्हा स्थानबद्ध झाले. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी प्राचीन भारतीय समाजाच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहिला. तो १९४९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यातील पुष्कळ अनुमाने विद्वानांस मान्य झाली नाहीत, परंतु तुरुंगाच्या कोठडीत वेदवाङ्मय उलगडून बसणारा कामगारपुढारी हे दृश्य लोकांच्या मनात राहिले.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली. कालपर्यंत जे युद्ध साम्राज्यवाद्यांचे होते, ते साम्यवादी पक्षाच्या मते लोकयुद्ध ठरले, आणि १९४२ च्या आंदोलनापासून हा पक्ष दूर राहिला. मॉस्कोच्या चिटणीसाच्या मेजावरील धोरणाची सावली मुंबईच्या कामगारमैदानापर्यंत कशी पोहोचे, ह्याचे हे ठळक उदाहरण होय. देशातील अनेक लोकांनी ह्याबद्दल पक्षास दीर्घकाळ क्षमा केली नाही. तथापि कामगारांतील डांग्यांचे स्थान टिकले. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, १९४६ मध्ये मुंबईच्या विधिमंडळावर निवडून आले, आणि जागतिक कामगार संघटनांतही त्यांना मान मिळाला. स्वातंत्र्यानंतर पक्षाचे सरचिटणीसपद बी. टी. रणदिवे ह्या दुसऱ्या मराठी गृहस्थांकडे होते. सशस्त्र उठावाचे त्यांचे धोरण १९५० पर्यंत चालून पुरते फसले.

महाराष्ट्राने डांग्यांस पुन्हा हृदयाशी धरले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी एस. एम. जोशी, पत्रकार आचार्य अत्रे, क्रांतिसिंह नाना पाटील, प्रबोधनकार ठाकरे आणि साम्यवादी डांगे अशी परस्परांहून अगदी भिन्न मतांची माणसे ह्या लढ्यात एकत्र आली. गोळीबारात शंभरांवर माणसे बळी पडली. १९५७ च्या निवडणुकीत डांगे मध्य मुंबईतून प्रचंड मतांनी लोकसभेवर गेले आणि तेथे आपल्या पक्षाच्या गटाचे नेते झाले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. तो दिवस जगभर कामगारदिन म्हणून पाळला जातो.

त्याच १९५७ साली, ५ एप्रिल रोजी, केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. बंदुकीने नव्हे, मतपेटीने साम्यवादी पक्ष एका राज्याचा राज्यकर्ता झाला, ही घटना जगास अपूर्व वाटली. १९५९ च्या जुलैअखेर केंद्राने ते मंत्रिमंडळ बरखास्त केले. जानेवारी १९६२ मध्ये पक्षाचे सरचिटणीस अजय घोष वारले. पक्षात तेव्हा दोन तट पडले होते. एक मॉस्कोकडे पाहणारा आणि काँग्रेसमधील पुरोगामी गटांशी सहकार्य करू इच्छिणारा. दुसरा काँग्रेसशी उभा दावा मांडणारा. कोणा एकास सरचिटणीस केले तर दुसरा तट फुटणार, म्हणून पूर्वी नसलेले अध्यक्षपद नव्याने निर्माण करण्यात आले. डांगे अध्यक्ष झाले व नंबुद्रिपाद सरचिटणीस. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षात डांगे येणेप्रमाणे पक्षाच्या सर्वोच्च आसनावर बसले. परंतु ते आसन विश्वासातून नव्हे, तडजोडीतून निघाले होते.

सहा महिन्यांत त्याची परीक्षा झाली. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आपल्या सीमेवर आक्रमण केले. साम्यवादी देशाने स्वदेशावर चाल केली असता काय म्हणावयाचे, हा पेच होता. डांग्यांनी आपले वजन स्वदेशाच्या बाजूस टाकले, आणि पक्षाने चीनचा निषेध करणारा ठराव केला. ह्या गोष्टीचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण फूट रुंदावली. नंबुद्रिपादांनी सरचिटणीसपद सोडले. १९६४ च्या मार्चमध्ये एक जुने प्रकरण वर आले. सरकारी दप्तरात काही पत्रे सापडली, ती १९२४ साली तुरुंगातून डांग्यांनी सरकारला लिहिली व त्यांत आपल्या सेवा देऊ केल्या, असे विरोधकांनी म्हटले. डांग्यांनी ती बनावट असल्याचे सांगितले. त्यांचे अनुयायी त्यांच्या शब्दावर विसंबले, विरोधकांनी पत्रे खरी मानली, आणि हा वाद पुढे कधीही सर्वांच्या समाधानाने मिटला नाही. ११ एप्रिल १९६४ रोजी राष्ट्रीय समितीच्या बैठकीतून बत्तीस सभासद उठून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यास मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष निराळा झाला. ज्यांच्याबरोबर मीरतच्या तुरुंगात एकत्र दिवस काढले, ते मुझफ्फर अहमद आता दुसऱ्या पक्षात होते.

डांगे आपल्या पक्षाचे अध्यक्ष राहिले. १९६७ मध्ये ते पुन्हा लोकसभेवर गेले. केरळात त्यांच्या पक्षाचे सी. अच्युत मेनन मधला थोडा काळ वगळता १९६९ पासून १९७७ पर्यंत मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्या कारकीर्दीत कुळांस जमिनीची मालकी देण्याचे मोठे काम झाले. कुळकायद्याने कोकणात काय बदल केला हे आपल्या आजोबांस विचारावे, म्हणजे ह्या कामाचे महत्त्व कळेल. परंतु जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींनी आणीबाणी पुकारली, तेव्हा डांगे व त्यांचा पक्ष सरकारच्या बाजूने उभा राहिला. ज्या मनुष्याने तारुण्याची कितीतरी वर्षे बंदिवासात घालविली, त्याने सहस्रावधी लोकांच्या बंदिवासास पाठिंबा द्यावा, ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत खेदाची गोष्ट होय. १९७७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षास लोकसभेत अवघ्या सात जागा मिळाल्या. पक्षाने पुढे आपली चूक मान्य केली. डांग्यांनी मात्र काँग्रेसशी सहकार्याचा आग्रह सोडला नाही. १९८१ मध्ये पक्षाने त्यांना काढून टाकले. त्यांनी उभारलेल्या पक्षाचे दार एक्याऐंशी वर्षांच्या वयात त्यांनाच बंद झाले. रोझाताई व इतर काहीजणांनी काढलेल्या लहानशा पक्षात ते गेले, पण त्या पक्षास बळ आले नाही.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा अखेरचा मोठा संप सुरू झाला. तो यशस्वी तर झाला नाहीच, पण त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. १९२८ प्रमाणे ह्याही वेळी कामगार कोकणात परतले. परंतु ह्या खेपेस त्यांतील अनेकांना परत बोलावणारा भोंगा पुन्हा वाजला नाही. आपल्या गावांतील कित्येक घरांत मनिऑर्डर यावयाची थांबली ती तेव्हापासून. वृद्ध डांगे मुंबईतच होते, पण त्यांच्या शब्दाने आता ना संप सुरू होत होता, ना मिटत होता.

२२ मे १९९१ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. आदल्याच रात्री राजीव गांधींची हत्या झाली होती, आणि साऱ्या देशाचे लक्ष त्या आघाताकडे होते. महाराष्ट्र सरकारने डांग्यांस शासकीय इतमामाने निरोप दिला. तीन महिन्यांनी, २४ ऑगस्ट १९९१ रोजी, मॉस्कोस मिखाईल गोर्बाचेव्ह ह्यांनी सरचिटणीसपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर ते पद कोणी भरले नाही, आणि वर्षअखेर सोव्हिएट संघच नाहीसा झाला. १९२२ साली ज्या पदाचा व ज्या तरुणाच्या कार्याचा आरंभ झाला, ती दोन्ही एकाच वर्षी इतिहासजमा झाली.

बालमित्रहो, डांग्यांची मते आपण स्वीकारावीत म्हणून हे चरित्र लिहिलेले नाही. त्यांनी मॉस्कोचा कारभार सदैव डोळसपणे पाहिला असे म्हणता येत नाही, आणि श्रद्धेच्या बाबतीत तर त्यांचा व आमचा मार्ग अगदी भिन्न. पण त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९२८ साली ते एका कामगारसंघाचे साधे चिटणीस होते, तेव्हा दीड लाख कुटुंबांनी आपली चूल त्यांच्या भरवशावर विझू दिली. १९६२ साली ते पक्षाचे अध्यक्ष झाले, तेव्हा स्वतःच्या समितीतील माणसेही त्यांच्यापाशी थांबली नाहीत. मधल्या काळात बुद्धी कमी झाली नव्हती, वक्तृत्वही ओसरले नव्हते. पदे वाढत गेली. परंतु माणसांच्या विश्वासाची जी पुंजी चाळीच्या अंगणात मिळाली होती, ती बैठकीच्या दालनात पुन्हा जमविता आली नाही. आणि मॉस्कोत तर ह्याहून भयंकर घडले. तेथे विश्वासाची गरजच उरू नये, अशी त्या पदाची रचना झाली.

तुमच्यापैकी कोणी उद्या वर्गाचा मॉनिटर होईल, कोणी गावचा सरपंच, कोणी एखाद्या संघाचा अगर पतपेढीचा चिटणीस. तेव्हा दप्तर हाती आले म्हणजे माणसे हाती आली असे समजू नका. पालकांसही एक विनंती आहे. आपल्या घरातील ज्या वडीलधाऱ्यांनी गिरणीत दिवस काढले, त्यांतले थोडेच आता उरले आहेत. त्यांना मुलांजवळ बसवा. चाळीची, संपाची आणि भोंग्याची हकीकत त्यांच्या तोंडून मुलांस ऐकू द्या. डांग्यांचे चरित्र पुस्तकांत सापडेल, पण ज्यांच्या विश्वासावर ते मोठे झाले त्या माणसांचे चरित्र अजून बहुतेक लिहिले गेलेले नाही.